ज्वारीच्या बदल्यात मासे

आमच्या मोठ्या बाईंच्या शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायची पद्धत नव्हती. नाव पुकारलं की मुलानं उभं राहून सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. कुणी म्हणे "भाकर नि ठेचा", कुणी "रातनी खिचडी". केळीच्या बागा राखणाऱ्यांची मुलं नुसतंच "केळं" म्हणून खाली बसत. बाई मान हलवून पुढचं नाव घेत. मी नोकरीवर रुजू झाले त्या सकाळी हा प्रकार पाहून मला वाटलं, एक तर या बाई वेड्या असाव्यात, नाही तर नवी मास्तरीण म्हणून माझी गंमत चालली असावी. सगळ्यात शेवटी त्यांनी माझंच नाव घेतलं. मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. "चहा," म्हणाले. अख्खी शाळा माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली.

म्हसावदच्या पुढचं गाव ते. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, सगळा कारभार धुळ्याहून चाले. गावात बरीच घरं गुजर शेतकऱ्यांची, कापूस, ऊस आणि केळी पिकवणारी. नाल्यापलीकडे भिल्लांची वस्ती होती, तिला भिलाटी म्हणत. दोन्हीकडची मुलं आमच्या शाळेत यायची. मोठ्या बाई मुख्याध्यापक होत्या, आणि मी येईपर्यंत त्यांच्या जोडीला कुणी टिकलं नव्हतं. का टिकलं नव्हतं, ते मला आठवड्याभरात समजलं.

बाई नंदुरबारच्या, मिरचीच्या व्यापाऱ्याची मुलगी. पण जेवणात तिखट म्हणून घालू देत नसत. तिखट म्हणजे पोटाला मारलेली थाप, असं त्यांचं म्हणणं. बुटक्या, अंगानं आडव्या, पायात नेहमी पुरुषी वहाणा. कमरेला एक पिशवी खोचलेली असायची आणि तिच्यात बिया. बोलता बोलता वाटेतलं एखादं पान खुडून त्या तोंडात टाकत आणि तुमच्याशी बोलणं अर्धवट सोडून ते चघळत उभ्या राहत. एकदा साहेबांच्या तपासणीत साहेबांनी काहीतरी महत्त्वाचं विचारलं, तेव्हा बाईंच्या तोंडात चिघळीची पानं होती. त्यांनी सावकाश ती गिळली, मग उत्तर दिलं. साहेबांनाही जेवल्यावर चूळ भरायला लिंबाच्या झाडाच्या बुडाशी पाठवलं होतं. शाळेत पाणी वाया घालवायचं नाही, असा नियम होता. हात धुवायचे, चूळ भरायची, ती ज्यानं त्यानं आपापल्या झाडापाशी. म्हणून कुंपणाच्या कडेनं पपया, शेवगे आणि लिंबं उभी होती आणि प्रत्येकाला एकेका मुलाचं नाव होतं. सुट्टीत मूल मामाच्या गावाला गेलं की झाडाची काळजी कुणी घ्यायची, यावरून भांडणं होत.

पुस्तकातलं सगळं बाई शुद्ध मराठीत शिकवायच्या. पण भाकरीचा तास अहिराणीत. आठवड्यातून एकदा त्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन वर्गासमोर उभ्या राहत आणि विचारत, "हाई भाकरनं गोत सांगा." मग मुलांनी भाकरीचे नातेवाईक सांगायचे. ज्वारी तिची आई. मग माती, पाऊस, बैल, बैलाचं शेण, ते शेण खाली ओढून नेणारे किडे, गांडूळ. एखादं मूल अडलं की बाई म्हणत, "आनखी कोन?" आणि वाट बघत बसत. एकदा झिनी नावाच्या भिलाटीतल्या मुलीनं "बगळा" म्हटलं तेव्हा मुलं हसली. झिनीनं सांगितलं, नांगरामागे बगळे चालतात, पिकाची मुळं खाणाऱ्या अळ्या ते खातात, नाही तर भाकर कुठून येईल? बाईंनी हातातला तुकडा तिला देऊन टाकला. मी कॉलेजात निसर्ग-अभ्यासाचा पेपर चांगल्या मार्कांनी सोडवला होता. पण भाकरीच्या घरात एवढी माणसं राहतात, हे मला त्या तासाला बसून कळलं.

ही झिनी रोज हजेरीला "दूध-भाकर" म्हणायची. तिच्या शेजारी बसणारी कमू हे गावातले मोठे गुजर शेतकरी छगनभाई यांचं शेंडेफळ, आणि ती खरोखरच दूध-भाकर खाऊन येई. झिनीनं ते शब्द तिच्याकडूनच उचललेले. महिनाभर मी ते खरं धरून चालले होते. एकदा शाळा सुटल्यावर बाईंनी मला विचारलं, "झिनीचे ओठ बघितलेस?" ओठांचे कोपरे फाटलेले होते. संध्याकाळ झाली की ती रातांधळी असल्यासारखी चाचपडत घरी जाते, हेही बाईंनी हेरलेलं. मी म्हटलं, तिला विचारू या का. बाई एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "चारचौघांत कुणाची भूक उघडी पाडायची नाही."

दुसऱ्या दिवशी हजेरी संपल्यावर बाई स्वतः उभ्या राहिल्या. आपलंच नाव त्यांनी पुकारलं आणि म्हणाल्या, "कायीच नही." खरंच त्या काही न खाता आल्या होत्या. तसंच त्या रोज सांगू लागल्या, आणि रोज ते खरं असे. मला वाटतं आठवडा गेला असेल. एका सकाळी झिनी उठली आणि म्हणाली, "कायीच नही." मागून आणखी एका मुलानं तेच म्हटलं, मग आणखी एकानं. गुजरांची मुलं वळून वळून त्यांच्याकडे बघत होती. बाईंनी नेहमीसारखी मान हलवली. त्या दुपारी त्यांनी व्हरांड्याच्या टोकाला तीन दगड मांडले आणि वर मोठं पातेलं चढवलं.

त्या पातेल्याचा कायदा सोपा होता. ज्याच्या घरी जे असेल त्याची मूठ. काही नसेल त्यानं नाल्याकाठची भाजी आणायची, तरोटा, माठ किंवा कुरडू, आणि ती ओळखून आणायची. अनोळखी पान पातेल्यात पडता कामा नये. शेवग्याचा पाला रोज, मुलं कितीही तोंड वाकडी करोत. पहिल्यांदा गावातून कुरबुर झाली. भिलाटीतल्या मुलांबरोबर एका पातेल्यातलं खायचं म्हणजे काय, असं दोन-चार घरांनी विचारलं. बाई वाद घालायला गेल्या नाहीत. ज्यांना नको त्यांनी घरचा डबा आणावा, पण बसायचं एकाच पंगतीत, एवढंच त्यांनी सांगितलं. वास मात्र सगळ्यांना सारखाच येई. कमूचा डबा पहिल्या दिवसांत भरलेला परत जायचा, नंतर तो यायचाच बंद झाला. पावसाळा सरेपर्यंत झिनी संध्याकाळी नीट बघू लागली होती.

मग शाळेत वाटायला सरकारकडून परदेशी दुधाची भुकटी आली. मुलांना कपात कालवून प्यायला द्यायची होती. मुलांची पोटं बिघडली, कप केळीच्या बुंध्यात रिकामे होऊ लागले. बाईंनी त्या दुधाला विरजण लावलं आणि अंबाडी घालून त्याची कढी केली. साहेब आले तेव्हा मुलं कढी-भाकरी ओरपत होती. कप कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. बाईंनी कप दाखवले. त्यांत पपईची रोपं लावलेली होती. त्याबद्दल बाईंना लेखी समज मिळाली. तीही त्यांनी चुलीपाशी ठेवलेली मला आठवते. आपण तिचं काय करणार, हे त्यांनी मला सांगितलं नाही.

हे सगळं मी हसत सांगते. पण कापसाच्या त्या हंगामातलं सांगताना मला अजून हसू येत नाही.

आदल्या वर्षी छगनभाईंच्या कापसाची बोंडं अळीनं पोखरून टाकली होती. मोठं एकत्र कुटुंब, चार भाऊ, सगळ्यांची नजर त्यांच्यावर. त्या वर्षी त्यांनी शहाद्याहून नवं औषध आणलं, पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं. फवारणीचा पंप आणि पिंपं गड्यांनी नाल्याच्या डोहात धुतली. डोह भिलाटीच्या अंगालाच होता. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पाणी होतं म्हणून तिथं धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलांना घेऊन भाजी आणायला नाल्यावर गेलो. डोहावर मासे उलटे तरंगत होते. काठावर खेकडे मेलेले. भिलाटीतल्या बायका-मुलं कधीचीच पाण्यात उतरली होती आणि टोपल्या भरभरून मासे घरी नेत होती. त्यांच्या दृष्टीनं सणच होता. बाईंनाही क्षणभर समजलं नाही. मग झिनीनं त्यांचा पदर ओढला आणि बोट दाखवलं. लव्हाळ्यात एक बगळा पडला होता, चोच चिखलात रुतलेली, आणि चोचीतून माशाचं शेपूट बाहेर आलेलं.

बाई खाली बसल्या. मला वाटलं त्यांना भोवळ आली. पण त्या बगळ्याला हात न लावता, वाकून त्याच्याकडे बघत होत्या. मुलं भोवती गोळा झाली. बाईंनी मुलांना विचारलं, मासा मेला तर काय काय झालेलं असू शकतं? मुलांनी सांगितलं, उन्हानं, गढूळ पाण्यानं. "आनि मासा खानारा मरना तर?" झिनीच्या तोंडाचा रंग उडाला. तिच्या आईची टोपली मघाशीच घरी गेली होती.

त्यानंतर बाई जशा धावल्या, तसं मी त्यांना कधी धावताना बघितलं नव्हतं. वहाणा नाल्यातच राहिल्या. भिलाटीत घरोघर चुली पेटलेल्या होत्या. बाईंना भिलांची बोली मोडकीतोडकी येई, एरवी त्यावरून बायका त्यांची थट्टा करत. त्या दिवशीही त्या बायका पहिल्यांदा हसल्या. मासे ताजे आहेत, नाकाला लावून बघा, असं म्हणाल्या. मग झिनी बोलायला लागली. वर्गात जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची पोर दारोदार उभी राहून बगळ्याचं सांगत होती. तिच्या आईनं चुलीवरची माशांची तवली उतरवली खरी, पण मासे टाकेना. तिनं विचारलं ते झिनीनं आम्हाला मराठीत सांगितलं, आणि सांगताना ती खाली बघत होती. "आई म्हणते, हे टाकले तर आज काय खाऊ?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्या नजरेला ओळखून होते, आणि मला ती नको होती. शाळेच्या कोठीत पातेल्यासाठी ज्वारी साठवलेली होती. मुठी-मुठीनं जमलेली, आणि हिवाळा संपेपर्यंत पुरवायची.

"मासे द्या," बाई म्हणाल्या, "जितके मासे तितकी ज्वारी घ्या."

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, उद्या मुलांना काय घालणार? त्या म्हणाल्या, "उद्या मुलं असतील, एवढं आज बघू."

मुलांनी शाळेतून ज्वारी वाहून आणली, परकराच्या ओच्यांत, टोप्यांत, पाटीवर. कमूही आणत होती. एकेक टोपली मासे घेऊन मी टोपलीभर ज्वारी ओतत गेले. एक म्हातारी मात्र काही केल्या ऐकेना. तिनं मासे आत लपवले. बाई तिच्या दारात बसून राहिल्या, रागावल्या नाहीत. उन्हं वर आली तेव्हा म्हातारीनंच टोपली आणून त्यांच्यापुढे आदळली. नाल्यापासून लांब, उंच जागेवर खड्डा खणून आम्ही सगळे मासे पुरले आणि वर दगड रचले. संध्याकाळी भिलाटीतलं एक कुत्रं पाय झाडत मेलं. त्यानं काठावरचे मासे खाल्ले होते. मग मात्र बाईंवर कुणी हसलं नाही.

छगनभाई शाळेत आले ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. भले गृहस्थ, आवाज कधी चढवत नसत. भिलाटीतली माणसं त्यांच्या शेतात वेचणीला यायला तयार नव्हती. बोंडं फुटून कापूस खाली पडत होता.

"बाई, तुम्ही मन्ही आंडेरले काय शिकाडी ऱ्हायनात?" ते म्हणाले. "घर यीसन ती माले म्हने, बापू, तुम्ही बगळा मारा." पोटच्या लेकीनं त्यांना म्हटलं होतं, बगळा तुम्हीच मारलात.

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. आपण कमूला तसं शिकवलं नाही, तिनं ते डोळ्यांनी बघितलं, असं म्हणाल्या. औषध फवारू नका, असं सांगायला माझ्याकडे तुमच्या अळीवर दुसरा इलाज नाही, पण पंप डोहात धुऊ नका, आणि वेचणीला येणाऱ्यांना पाणी डोहातलं देऊ नका, एवढं त्यांनी सांगितलं. छगनभाई बराच वेळ व्हरांड्यातल्या रिकाम्या पातेल्याकडे बघत बसले. मग म्हणाले, गावात मान खाली घालायची वेळ आणलीत. आणि उठून गेले.

पातेलं काही दिवस रिकामंच राहिलं. हजेरीला पुन्हा "कायीच नही" ऐकू येऊ लागलं, आणि आता ते म्हणताना मुलं लाजत नव्हती. एका दुपारी छगनभाईंच्या आई बैलगाडीतून ज्वारीचं पोतं घेऊन आल्या. म्हातारी गाडीतून उतरलीही नाही. "पोरेसले खावाडा," एवढंच म्हणाली. बाईंनी विचारलं, मुलाला चालेल का. ती म्हणाली, "त्याले राग यी. येऊ द्या."

रागाची तक्रार मात्र आधीच वर गेली होती. छगनभाईंनी एकट्यानं केली नसावी, पातेल्यावर नाराज असलेली घरं होतीच. वर्ष संपायच्या आत बाईंच्या बदलीचा हुकूम आला, पार नवापूरच्या बाजूला, खांडबाऱ्याकडे. निरोप-समारंभ त्यांनी करू दिला नाही. म्हसावदला एस.टी. गाठायला निघाल्या त्या दिवशीही शिकवून निघाल्या. मी गावाच्या शिवेपर्यंत गेले. त्या मला पातेल्याचं सांगत राहिल्या, माठ संपत आला की अंबाडी घे, शेवगा छाटायला विसरू नकोस. स्वतःविषयी एक शब्द नाही.

त्यांच्यानंतर नवे गुरुजी आले. सज्जन होते. त्यांनी हजेरी पुन्हा रीतसर सुरू केली. "हजर, हजर, हजर." मी मागे उभी राहून ऐकत असे आणि मला त्यातून काहीच कळत नसे. कोण उपाशी, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाची गाय व्याली, हे सगळं एका शब्दामागे बुजून गेलं होतं. पातेलं मी जमेल तितकं चालवलं. पुढच्या हंगामात एकदा छगनभाईंच्या शेताकडून जाताना मी बांधाच्या आत एक खड्डा पाहिला, नाल्यापासून दूर, दगडांनी बांधलेला. गडी तिथं पंप धूत होते. मी छगनभाईंना काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ते मात्र मला तेव्हापासून वाटेत थांबून नमस्कार करत. दोन पावसाळ्यांनी डोहात बोटभर मासे दिसू लागले.

बऱ्याच वर्षांनी, लग्न झाल्यावर मी नाशिकला आले. जाण्याआधी एकदाच बाईंना भेटून आले. नंदुरबारहून पॅसेंजर धरून खांडबाऱ्याला उतरले आणि बाजारातून वाट विचारत डोंगराच्या अंगानं चालत गेले. बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, पण तिथंच शाळेशेजारच्या खोलीत राहत होत्या. मी वाटभर मनाशी काय काय जुळवत गेले होते. आमच्या आठवणीनं त्यांना किती जड झालं असेल, मला बघून डोळ्यांत पाणी येईल, निदान इथं करमत नाही म्हणतील.

त्या ओट्यावर चार-पाच मुलींच्या मध्ये बसल्या होत्या. मुली तिथल्या कोकणी आदिवासी घरांतल्या, काहींच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला क्रूस. समोर कसलेसे कंद पडलेले, आणि मुली बाईंना त्यांची नावं शिकवत होत्या. बाई चुकीचं म्हणत, मुली एकसाथ "नाही, नाही" करत, बाई पुन्हा म्हणत. मला बघून त्या हसल्या, "ये, बस," म्हणाल्या, आणि पुन्हा त्या नावाकडे वळल्या. ते जमेपर्यंत त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग मी सगळ्या बातम्या सांगितल्या. खड्ड्याची, डोहाची, कमूच्या लग्नाची. झिनी नर्सिंगला धुळ्याला गेली, हे ऐकून त्यांनी मान हलवली. त्या सगळं आनंदानं ऐकत होत्या, पण पाहुण्यांच्या गावचं ऐकावं तशा. त्यांच्या मनात तिथलं काही दुखत नव्हतं. कंद कोणता किती वेळ उकडायचा, कोणता वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खायचा नाही, हे मला सांगताना मात्र त्यांचे डोळे चमकत होते. मी तिथं बसून त्यांच्यासाठी झुरत होते आणि त्यांना झुरायला वेळ नव्हता. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. आणि तरी त्या पूर्वीहून जास्त आवडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला बरंच उशिरा समजलं. नाशिकच्या शाळेत मी मधल्या सुट्टीत मुलांचे डबे बघत हिंडायची, त्याला माझ्या सहकारी बाई हसायच्या. मी त्यांना कधी नीट सांगू शकले नाही.

खांडबाऱ्याच्या त्या दुपारी परतीच्या गाडीची वेळ होत आली, म्हणून मी पिशवी उचलली आणि वाकून नमस्कार केला. बाईंनी "सुखी राहा" म्हटलं आणि कोपऱ्यातली टोपली काढली. डोंगरावर कुठलीशी भाजी नुकती उगवली होती, आणि ती आजच खुडायची होती. मुली पुढे पळाल्या. बाई काठी टेकत त्यांच्यामागून चढणीला लागल्या. जरा वर गेल्यावर त्यांनी वळून पाहिलं, मी अजून अंगणातच उभी.

"येतेस?" त्यांनी विचारलं.

खाली खांडबाऱ्याकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि चढ चढायला लागले.